अकरा स्तंभांचा शब्द

कोशाच्या कार्यालयात त्यांना सगळे धावपटू म्हणत. खरं तर सुटणाऱ्या बसमागेसुद्धा ते कधी धावले नव्हते. उजवा गुडघा लहानपणापासूनच अडेल. नाव पडलं ते कामावरून. इंग्रजी शब्दांचे अर्थ आपल्या भाषेत सांगणारा मोठा कोश तिथे तयार होत होता, आणि त्यातला ‘रन’ हा शब्द त्यांच्या गळ्यात पडला होता.

ते नोकरीला लागले तेव्हा अक्षरांची वाटणी झाली. त्यांच्याच बरोबर रुजू झालेल्या मित्राला क्यू आलं, यांच्या वाट्याला आर. मित्राने आपलं अक्षर हा हा म्हणता उरकलं, शाबासकी मिळवली, दुसरं अक्षर मागून घेतलं, आणि असा पायरी पायरीने चढत तो आता संपादकाच्या खुर्चीत बसला होता. हे मात्र आरच्या टोकाशी येऊन ‘रन’मध्ये रुतले ते रुतलेच. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात, पण इथे शेपूटच हत्तीपेक्षा मोठं निघालं.

वरवर पाहिलं तर शब्द किती साधा! शाळेच्या पहिल्या पुस्तकातला. पण इंग्रजीत नुसता माणूस धावत नाही. तिथे नळ धावतो, नाक धावतं, दुकान धावतं, धुतल्यावर सदऱ्याचा रंग धावतो. रस्ता जागचा न हलता डोंगरापर्यंत धावतो, आणि निवडणुकीला उभा राहणारा माणूससुद्धा तिकडे धावतच असतो. आपल्याकडे नळ वाहतो, नाक गळतं, दुकान चालतं, रंग जातो. “तिकडे एकटा गडी सगळं घर सांभाळतो, आणि त्याच कामाला इकडे मला पन्नास माणसं लावावी लागतात,” असं ते वैतागून म्हणत.

त्यांची कामाची रीत ठरलेली होती. एका अर्थाला एक कार्ड. वर इंग्रजी वाक्य, खाली आपलं. आणि आपलं वाक्य घरी नेऊन बायकोला वाचून दाखवायचं. तिला इंग्रजीचा गंध नव्हता, म्हणूनच ती परीक्षक. भाजी निवडता निवडता ती ऐकायची. नुसतं “हं” म्हणाली की कार्ड पक्कं. हात थांबला की कार्ड नापास.

“ ‘सर्दीने त्याचे नाक धावत होते.’ ”

“कुठे निघालं होतं एवढं लगबगीने?”

“बरं, ‘गळत होते.’ ”

“हं.”

मुलगी कॉलेजात होती. तिला बापाच्या कामाची लाज नव्हती, पण ते समजावून सांगताना तिच्या नाकी नऊ येत. “मैत्रिणी विचारतात, तुझे बाबा काय लिहितात? मी म्हणते, शब्द. कोणते शब्द? म्हटलं, कोणते नाही, एकच.”

यावर धावपटू हसले नाहीत. त्यांना स्वतःलाही कधी कधी वाटे, की आपल्या बरोबरीची माणसं कुठल्या कुठे पोचली आणि आपण एका शब्दाच्या दारात बसून केस पांढरे केले. पण कार्डांची पेटी उघडली की ते वाटणं विरून जाई. नोंद पुरी झाली तेव्हा अकरा स्तंभ भरले होते. इतका नेटका ‘रन’ दुसऱ्या कुठल्या कोशात नसेल, असं ते स्वतःशीच म्हणाले.

आणि त्याच आठवड्यात संपादकांचं बोलावणं आलं.

“बसा. तुमच्या शब्दाचे अकरा स्तंभ झालेत.”

“हो, साहेब. बारावाही होता, तो मीच काढला.”

“दोन करा.”

धावपटूंना आधी कळलंच नाही. “दोन काय?”

“दोन स्तंभ. सोमवारी खंड छापायला जायचाय. पानं वरून ठरून आलीत, माझ्या हातात काही नाही.”

“आणि ‘सेट’ला किती देणार आहात? त्याचे अर्थ तर याहून जास्त.”

“ ‘सेट’ पुढच्या खंडात आहे. त्याचं मरण तो मरेल.”

ते घरी आले ते तोंड पाडून. सुट्टीचा सगळा दिवस त्यांनी जेवणाच्या टेबलावर कार्डं पसरली, गोळा केली, पुन्हा पसरली. पंखा जोरात आहे म्हणून पंख्यावर चिडले, बंद केल्यावर उकडतं म्हणून मुलीवर. शेवटी त्यांनी उदाहरणांची वाक्यं गाळून नुसते अर्थ ओळीने मांडले आणि बायकोला वाचून दाखवले. “वाहणे, गळणे, चालणे, चालवणे, जाणे, लढवणे, संपत येणे...”

“हे काय? वाण्याची यादी?”

“अर्थ आहेत.”

“कशाचं काय गळतं ते कसं कळायचं मग? उद्या कोणी दुकान गळतं म्हणून लिहील.”

ती बरोबर होती, म्हणून ते आणखीच चिडले. पण चिडता चिडता त्यांची नजर पहिल्या गठ्ठ्यावर गेली. ‘धावणे, पळणे.’ माणूस धावतो, घोडा धावतो, शर्यतीत धावतो, भिऊन पळतो. पहिला आख्खा स्तंभ त्यातच खर्च झाला होता. हे कोणाला ठाऊक नसतं? त्यांनी तो गठ्ठा उचलून बाजूला ठेवला, आणि उरलेल्यातून दोन स्तंभांत जेवढं बसेल तेवढं, वाक्यांसकट, बसवलं. कित्येक अर्थ तरीही बाहेर राहिले.

सोमवारी संपादकांनी कागद वरून खाली वाचला, मग खालून वर.

“अहो, यात धावणे कुठंय?”

“काढलं.”

“काढलं? ‘रन’खाली ‘धावणे’ नाही असा कोश मी छापू? लोक तोंडात शेण घालतील!”

“त्यासाठी कोश उघडतो कोण? एखादी पोर वहीत ‘नळ धावतो’ लिहून बोलणी खाते. मग ती कोश उघडते. तिथे तिला काय दिसणार? धावणे! अरे, तेच तर तिला येत होतं!”

‘अरे’ तोंडातून निसटलं तसं बाहेरच्या खोलीतलं टायपिंग थांबलं. इतक्या वर्षांत धावपटूंनी संपादकांना ‘साहेब’खेरीज हाक मारली नव्हती.

संपादकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “मला कळत नाही असं वाटतं का तुला? पण पानंच नाहीत. कुठून आणू?”

“तुझी प्रस्तावना किती पानांची आहे?”

“नऊ.”

“एक दे.”

“वेडबिड लागलंय का? कोणतं देऊ?”

“कोणतंही. कोश उघडणारा प्रस्तावना वाचत नाही.”

संपादकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. बराच वेळ ते प्रस्तावनेची पानं चाळत बसले. मग मधलंच एक काढून त्यांनी कचऱ्याच्या टोपलीत टाकलं. “एका पानाचे दोन स्तंभ. म्हणजे तुझे झाले चार. पण धावणे सगळ्यात वर पाहिजे.”

“एका ओळीत.”

“एका ओळीत. छापखान्याला एक दिवस थोपवतो, पण उद्या सकाळी मला मजकूर हवा. जा आता.”

घरी बायकोने दार उघडता उघडताच विचारलं, “काय झालं?”

“चार मिळाले.”

“अकराचे चार? मग हरलातच की.”

“दोनाचे चार झाले, असंही म्हणता येईल.”

“दोनाचे चार आपले केव्हाच झालेत. त्यानेही काही भलं झालं नाही,” ती म्हणाली. पण चहा ठेवून ती टेबलाशी येऊन बसली आणि ‘नळ धावतो’ लिहिणाऱ्या पोरीसकट सगळी हकिकत तिने ऐकून घेतली. “वाचा. मी सांगते काय ठेवायचं.”

धावपटू वाचू लागले. नळ राहिला, नाक राहिलं, दुकान, रंग आणि निवडणूकही राहिली. मग एक कार्ड त्यांनी जरा जपूनच उचललं. या एका वाक्यासाठी त्यांनी खलाशांशी पत्रव्यवहार केला होता. “ ‘वारा पाठीशी घेऊन जहाज सुसाट निघाले.’ ”

“छान आहे,” बायको म्हणाली. “काढा.”

“का?”

“त्या नळवाल्या पोरीला जहाज कशाला लागतंय?”

त्यांनी कार्ड हळूच राखायच्या गठ्ठ्यावर सरकवलं. तिने ते उचललं आणि पलीकडच्या गठ्ठ्यावर ठेवलं. धावपटूंनी पुढचं कार्ड उचलून वाचायला घेतलं.