सायलेन्सरमधली पुंगळी

माझ्या चुलतभावाची फटफटी नदीचा उतार उतरायला लागली की बाबा ओसरीवर उठून बसत. "आला वाट्टे पोट्टा. च्या मांड वं," असं आईला सांगत. चहाला उकळी येईपर्यंत तो दारात हजर.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. बाबांचे कान तेव्हा बरेच गेले होते. शेजारून मारलेली हाक ऐकू येत नसे, पण ती फटफटी ऐकू येई. सायलेन्सरच्या आत आवाज दाबायला भोकाभोकांची एक लोखंडी पुंगळी असते. भावाने ती काढून टाकली होती.

मीही रोज त्याच सुमारास हिंगणघाटहून ऑफिस सुटून यायचो. आमच्या घराण्यातला पहिला बी. कॉम. मी, आणि माझी फटफटी माझ्याच पगारातून घेतलेली. पुंगळीसकट. बूट काढून बाबांपुढे उभा राहिलो की ते दचकत. "कधी आला तू?" एवढंच. माझ्यासाठी चहा आधी कधी मांडला गेला नाही. भाऊ दहावीला दोनदा बसून घरी राहिलेला. पण तो बाबांना मागे बसवून वावरात नेई, कोणत्या धुऱ्याकडे, कोणत्या बांधाला कपाशीची बोंडं फुटली ते त्यांच्या कानात ओरडून सांगे. माझ्याकडे सांगायला फायली होत्या. त्याच्या आवाजाचा मला राग येतो, असं मी तेव्हा म्हणत असे. राग कसला, जळत होतो मी.

एका रविवारी गाडी घेऊन मिस्त्रीकडे गेलो. त्याने मागचा बोल्ट खोलला आणि आकड्याने पुंगळी ओढून काढली. काजळीने माखलेली, वीतभर.

"साहेब, तुमाले काऊन पायजे आवाज?"

संध्याकाळी उतारावर मुद्दाम गाडी दामटली.

बाबा ओसरीवर उभे होते, टोपी घालून. आत कपबश्या वाजत होत्या. मी जवळ गेलो तसे ते डोळे बारीक करून म्हणाले, "तू होय? मले वाटलं, तो आला." आणि खाली बसले.

तो चहा मलाच मिळाला. अर्धा टाकला.

दुसऱ्या दिवशी पुंगळी परत बसवून घेतली. त्याच आठवड्यात भावाच्या गाडीला बुजून एका कापसाच्या बंडीचे बैल उधळले आणि बंडी नालीत गेली. पानठेल्यावर ही गर्दी.

भाऊ बंडीवाल्याला म्हणाला, "आवाज असला का बंडीवाला दुरूनच बाजूले होते. मुकी गाडी तं आंगावरच जाते, काका."

"अन् बैल उधळले त्याचं काय? बंडी काढाले तुहा बाप येते काय?"

गावात अर्ज लिहायचा म्हणजे माणसं माझ्याकडेच येत. बंडीवालाही भावाच्या गाडीची तक्रार घेऊन आला. एरवी माझा अर्ज अर्ध्या पानात आटपे, हा दोन पानं झाला. 'वृद्ध ग्रामस्थांना होणारा असह्य त्रास' हे त्याने सांगितलं नव्हतं, मी घातलं. खाली सह्या थोड्या, अंगठे जास्त.

ग्रामपंचायतीत तो वाचून झाल्यावर भाऊ माझ्याकडे पाहून म्हणाला, "दादानं लिवलं म्हणजे बरोबरच असन." दुसऱ्याच दिवशी त्याने पुंगळी बसवली.

त्यानंतर तो आला की बाबा त्यालाही दचकू लागले. त्याचाही चहा मागाहूनच. बरोबरी झाली म्हणायची. पण तो चहा पिऊन गेला तरी ते आवाजाची वाट पाहत टोपी घालून उताराकडे तोंड करून बसत, आणि अंधारल्यावर टोपी काढून खुंटीला लावत.

एकदा मला म्हणाले, "काऊन रे, तो आजकाल येत नाई?"

मी त्यांच्या कानाशी वाकून ओरडलो, "येते बाबा! रोज येते!"

अर्जाचं मात्र ओरडून सांगितलं नाही. हळू सांगितलं असतं तर त्यांना ऐकूच आलं नसतं, तरी तेही सांगितलं नाही.