उसनी दिलेली छाती

कुवेतच्या शर्क मोहल्ल्यातली आमची खोली समुद्राच्या इतकी जवळ होती की मासळीबाजारात काय आलंय ते खिडकी उघडली की नाकालाच कळायचं. मी आसपासच्या कुवेती बायकांचे कपडे शिवून द्यायची. नवरा शहराबाहेर शुऐब्याच्या बांधकामावर ठेकेदाराची अवजड लॉरी चालवायचा. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करायची; लिहिताना तेवढं औदार्य माझ्याच्याने होत नाही.

तो फौजी होता. दुसऱ्या महायुद्धात, इराकमध्ये बसऱ्याला फौजेची लॉरी चालवताना तापाने आडवा झाला. ताप उतरला, पण छाती बिघडली ती बिघडलीच. हृदयाची एक झडप नीट मिटत नाही, असं डॉक्टर म्हणाले. जिना चढला की त्याचे ओठ निळे पडायचे. फौजेने त्याला घरी पाठवलं, पण अपंगत्वाची पेन्शन नाकारली. म्हणे, हा आजार नोकरीमुळे झालेला नाही. त्याने अपील केलं. पण निकालाची वाट बघत पोट थोडंच थांबतं? म्हणून तो कुवेतला आला, आणि मागोमाग मीही.

त्याला इथे आणलं ते त्याच्या दोस्ताने. दोघं एकाच खाडीकाठचे, बरोबरच भरती झालेले, बसऱ्यातही एकाच तुकडीत. तापाने फणफणलेल्या माझ्या नवऱ्याला लॉरीतून उचलून इस्पितळात नेलं होतं ते यानेच. तो या ठेकेदाराकडे आधीपासून मुकादम होता, त्याने शब्द टाकला. अडचण होती ती नोकरीआधीच्या मेडिकलची.

आमच्या रत्नागिरीकडच्या लोकांत तेव्हा एक रीत होती, आणि तिला लबाडी म्हणावं असं कुणाला वाटत नसे. ज्याची नजर अधू, त्याच्या नावावर दुसरा गाववाला जाऊन फळ्यावरची अक्षरं वाचायचा. ज्याची छाती अधू, त्याच्या नावावर एखादा धडधाकट माणूस सदरा काढून उभा राहायचा. शेजारणीला विरजण द्यावं तशी ही माणसं एकमेकांना डोळे आणि छात्या द्यायची. कंपनीच्या दवाखान्यातल्या गोऱ्या डॉक्टरला आमचे सगळे चेहरे सारखेच दिसत. माझ्या नवऱ्याच्या नावावर दोस्त उभा राहिला. डॉक्टरने नळी लावली, पाठीवर थाप मारली, झाला पास! गावी खबर पोचली त्या दिवशी मीच शेवया केल्या होत्या.

काही वर्षांनी, कुवेतमध्ये रुपया जाऊन दिनार आला त्या सुमारास, अपील एकदाचं हललं. फौजेतल्या एका जुन्या डॉक्टरने छाती नोकरीतच बिघडल्याचं लिहून दिलं होतं. मी तर मनाने गावी पोचलेही होते. पेन्शन सुरू झाली की हा लॉरी सोडणार, दारात खुर्ची टाकून बसणार, थोडा जास्त जगणार, आणि पुढेमागे काही झालंच तर मीही उघड्यावर पडणार नाही. यापलीकडे मला काही नको होतं.

तेवढ्यात फौजेच्या पेन्शन कचेरीतून विचारणा आली: कुवेतच्या मेडिकलमध्ये या माणसाचं हृदय उत्तम निघालं, ते कसं? पुन्हा तपासणी केली असती तर आजार निघालाच असता. पण मग तो कुवेतमध्ये जडला असं ठरलं असतं, आणि त्याचं ओझं फौज कशाला घेईल? यातून आम्हाला सोडवू शकेल असा एकच माणूस होता. ज्याची छाती होती तो.

शुक्रवारी नमाजनंतर तो जेवायला आला. मी पाटावरच्या ताटांकडे न बघता सरळ विषय काढला. त्याचा हात घासावरच थांबला. खरं सांगितलं तर मुदीर, म्हणजे कंपनीचा मॅनेजर, त्याला दुसऱ्याच दिवशी मुंबईच्या बोटीवर चढवणार, हे मलाही ठाऊक होतं. मग तो म्हणाला, "भाबी, तू फिकर करू नको. छाती माझी व्हती. मीच सांगन."

मी रडले. मग उठून राखून ठेवलेलं पापलेट त्याच्यासाठी तळलं. नवरा मात्र खाली मान घालून जेवत होता. मला वाटलं, उपकाराचं ओझं झालंय बिचाऱ्याला. बिचारा!

कुवेतमधल्या हिंदुस्थान सरकारच्या कचेरीत आम्ही तिघं गेलो. जबानी घेणारा साहेब तरुण होता, हिंदीत बोलत होता, आणि माणूस बरा होता. त्याने आधी माझ्या नवऱ्याला बसवलं, शपथ दिली आणि विचारलं, "कंपनी के डॉक्टर ने जिसका सीना जाँचा, वो आप ही थे?"

दोस्त भिंतीला टेकून उभा होता. त्याने घसा खाकरला, मी स्वतः ऐकलं.

"जी साहब," माझा नवरा म्हणाला. "मैं ही था."

साहेबाने पुन्हा विचारलं. त्यालाही ते उत्तर पटलेलं दिसलं नाही. नवऱ्याने पुन्हा तेच सांगितलं, आवाज न चढवता, मान ताठ ठेवून. मग साहेब दोस्ताकडे वळला. आता हा बोलेल, आता बोलेल, असं मनाशी म्हणत मी ओढणीचं टोक मुठीत आवळून बसले होते. तो पायांकडे बघत म्हणाला, "ये जो बोले, वोही सच है." मी ताडकन उठले, पण साहेबाने हाताने थांबवलं. मी साक्षीदार नव्हते, त्यामुळे माझं बोलणं जबानीत जाणार नव्हतं.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. रस्त्यातच मी नवऱ्याला अडवलं.

"हे काय केलंत तुम्ही?"

"त्याचं काम गेलं आस्तं. त्याची पोरां काय खातील?"

"आनि मी काय खाऊ?"

तो पुढे चालायला लागला, आणि दोस्त त्याच्या मागोमाग, सावलीसावलीने. मला त्या क्षणी दोघांचीही शिसारी आली. दोस्ताने मला शब्द देऊन फिरवला. पण त्याला निदान आपल्या पोरांची भीती होती. माझ्या नवऱ्याने तर कुणी न मागता माझं उद्याचं सगळं उचललं आणि त्याच्या पदरात टाकलं.

अपील फेटाळलं गेलं. तो लॉरी चालवत राहिला. गाववाल्यांत त्याचं केवढं नाव झालं! असा दोस्त मिळायला नशीब लागतं, असं माझ्यासमोर म्हणायचे. मी पाणी द्यायची आणि आत निघून जायची. एके दुपारी शुऐब्याच्या वाटेवर त्याने लॉरी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगच्या चाकावर डोकं टेकलं. सरकारी इस्पितळात ठेवलं. पाय सुजले होते, आडवं पडता येत नव्हतं, उशांना टेकून बसायचा. दोस्त रोज येऊन त्याचे पाय चेपायचा. मी त्याला एकदाही बसा म्हटलं नाही.

एका सकाळी आम्ही दोघंच होतो. त्याला जरा बरं वाटत होतं, मी संत्र्याच्या फोडी सोलून देत होते. इतके दिवस धरून ठेवलेलं तोंडून निघून गेलं.

"साहेबासमोर बसलाव, तवा माझा विचार आला व्हता मनात? एकदा तरी?"

त्याने फोड हातात धरून ठेवली. आठवून बघितलं, अगदी खरोखर आठवून बघितलं.

"नाय," तो म्हणाला.

शपथेवर, साहेबाच्या डोळ्याला डोळा भिडवून, इतकं सफाईने खोटं बोललेला माणूस. माझ्याशीही एकदा खोटं बोलला असता तर त्याचं काय गेलं असतं?