रहीमभाईंची चौदा पानं

रहीमभाई गेल्याची बातमी मला ऑर्डर म्हणून आली. वाशीममध्ये माझं फ्लेक्सचं दुकान आहे; माणूस गेला की नातेवाइकांच्या आधी कधी कधी मलाच कळतं! सकाळी मोबाइलवर फोटो आला... आमचे रहीमभाई. खाली संगणक क्लासच्या सरांनी पाठवलेला मजकूर : ‘‘या पुस्तकाने माझे आयुष्य बदलले. – कै. रहीमभाई, आमचे विद्यार्थी.’’ जन्मभर पाच वेळा नमाज पढलेल्या माणसाला सरांनी थेट कैलासावर पोचवलं होतं. तेही एक वेळ चाललं असतं. पण ते वाक्य? ते रहीमभाईंचं नव्हतंच. मला रडू यायला हवं होतं, आला तो संताप. दीड महिना झाला, अजून उतरलेला नाही.

रहीमभाई बुकबाइंडर. कचेऱ्यांची रजिस्टरं बांधण्यात हयात गेली. संगणक आले, रजिस्टरं गेली. पन्नाशी उलटल्यावर एक दिवस मला म्हणाले, ‘‘भाऊ, ज्यानं आपलं काम नेलं, त्यालेच शिकून घेऊ. चाल.’’ दुकानाची वेबसाइट करायच्या हौसेनं मीही गेलो. पहिल्याच दिवशी सरांनी स्वतः लिहिलेलं नऊशे पानांचं पुस्तक हाती ठेवलं. वेबसाइट बनवण्याचं सगळं शास्त्र एका ठोकळ्यात! आम्ही पहिलं पान उघडत होतो, रहीमभाई पुस्तकाची पाठ दाबून बघत होते. ‘‘नुसता गोंद हाय. शिलाईच नाही. धा दिवसांत पानं हातात येतीन.’’ आठव्या दिवशी आली! मग त्यांनी आपल्या प्रतीच्या सुट्या पानांचे सहा भाग शिवले, ते वर्गात फिरते ठेवले आणि प्रत्येक धड्यामागे एक कोरं पान घातलं. कोण कुठं अडकलं, ते त्या पानावर पेन्सिलीनं लिहायचं. कामरगावहून जीपनं येणारी सुनीता, अनसिंगचे दोघं... सगळ्यांचे खड्डे तिथं सापडायचे.

क्लास संपताना पुस्तकाबद्दलच्या अभिप्रायाचा छापील कागद आला. पर्याय पाच, पण खूण कुठं करायची, ते सर समोर उभे राहून सांगत होते. ‘उत्तम.’ आम्ही केली. रहीमभाईंनी चौदा पानं लिहून दिली. त्यात कौतुकही होतं, रंगांचा धडा त्यांना फार आवडला होता. पण वेबसाइटवर माहिती भरायच्या फॉर्मच्या धड्यावर लिहिलं होतं : ‘बटन दाबलं, माहिती गेली. कुठं गेली, ते पुस्तक तीनशे पानांनी सांगते. तोवर पोरगी क्लास सोडते.’ सुनीतानं त्याच धड्याला क्लास सोडला होता.

सर हसले. ‘‘चाचा, तुमी शिकायले आले का माह्यं पुस्तक तपासायले?’’

‘‘शिकून राह्यलो म्हणूनच तपासून राह्यलो, सर. ज्याले येते, त्याले खड्डा दिसत नाही.’’

सरांनी ती पानं न वाचता कूलरवर ठेवली. दुसऱ्या दिवशी त्यांचा लगदा झाला होता.

फ्लेक्स मी छापला नाही. फोन करून ओरडलो, ‘‘सर, रहीमभाई असं बोलले कधी?’’

‘‘गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहा लागते ना, भाऊ!’’

‘‘कोणाबद्दल? माणसाबद्दल का तुमच्या पुस्तकाबद्दल?’’ दुकानातली गिऱ्हाइकं थबकून ऐकायला लागली. मी रंगात आलो होतो... तेवढ्यात पलीकडून आवाज आला, ‘‘तुमीबी ‘उत्तम’वरच खूण केली होती की!’’

मी फोन ठेवला आणि गिऱ्हाइकांकडे पाठ केली.

फॉर्मच्या धड्याचा भाग माझ्याकडेच राहिलाय. एक पान निखळलेलं नाही. मागच्या कोऱ्या पानावर सुनीताचं नाव, अनसिंगच्या दोघांची नावं, आणि शेवटी रहीमभाईंच्या अक्षरात एक ओळ : ‘भाऊले समजलं म्हणे. मले नाही वाटत.’

परवा मी पेन्सिल घेतली आणि त्या ओळीखाली लिहिलं, ‘नव्हतं समजलं.’