शेवटच्या बेअरिंगचं माप

मायक्रोमीटर वाचणारी बाई मालवणच्या आसपास तेव्हा मी एकटीच असेन. एके काळी हे मी सगळ्यांना मिरवून सांगायचे. हल्ली सांगत नाही.

माझे यजमान मुंबईला मोटारींच्या कारखान्यात फिटर होते. लोखंडाचा कण उडून यांचा उजवा डोळा गेला, आणि डाव्यालाही बारीक रेघा दिसेनाशा झाल्या. कारखान्याने घरी पाठवलं. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. गावी येऊन हे सहा महिने पडवीत नुसते बसून होते. बसलेला पुरुष घरात किती जागा अडवतो, ते ज्या बायकांनी पाहिलंय त्यांनाच ठाऊक. मग एके दिवशी यांनी कुडाळहून एक जुनी, बंद पडलेली विलायती मोटार ट्रकवर घालून आणली आणि इंजिन काढून पडवीत मांडलं.

"डोळे नाय तर नाय, हात आसत मां!" हे म्हणाले. एक इंजिन नीट बांधून दाखवलं की तालुक्यातली इंजिनं आपल्या दारात येतील, पुन्हा फिटर म्हणून जगता येईल, एवढीच यांची आशा होती. माझीही होती.

इंजिनाच्या पोटात एक वाकडातिकडा जाड दांडा असतो, तो क्रँक. तो ज्या बेअरिंगांत फिरतो, त्यांच्यात आणि त्याच्यात तेलापुरती फट लागते. कमी पडली तर इंजिन धरतं, म्हणजे जाम होतं, जास्त झाली तर ठोकून ठोकून स्वतःलाच फोडून घेतं. ही फट मोजायला शिशाच्या बारीक तारेचा तुकडा मध्ये ठेवायचा, बेअरिंगची टोपी घट्ट आवळायची, पुन्हा सोडायची, आणि चपटी झालेली तार किती जाड राहिली ते मायक्रोमीटरने बघायचं. माप इंचाच्या हजाराव्या भागात. त्याला हे 'थाऊ' म्हणत. आमच्या इंजिनाची फट दोन थाऊ हवी होती, फार तर अडीच.

आवळायचं काम यांचं, वाचायचं माझं. चौथी पास बाईला यांनी आठ दिवसांत ते यंत्र शिकवलं. माझे हात कायम काळे. शेजारीण कुंपणावरून विचारायची, "आज फोडणीक आईल घातलंस काय गो?" मीही तिला बरं उत्तर द्यायचे.

बेअरिंगं सात होती. सहा मी अगदी इमानाने वाचली. त्यातलं एक साडेतीन थाऊ आलं, तेव्हा यांनी चार दिवस टोपी घासली, आतला पांढरा धातू तासला, निळा रंग लावून क्रँक कुठे टेकतोय ते मला विचारलं, पुन्हा तार, पुन्हा माप. हे कंटाळत नसत. मी कंटाळले होते, कारण मे महिना संपत आला होता.

पावसाळ्यात आगबोट बंद व्हायची. माझं माहेर देवगडला, आणि दोन वर्षं मी तिकडे पाऊल टाकलं नव्हतं. रस्त्याने जायचं तर खाड्या ओलांडा, बैलगाड्या धरा, सोबतीला पुरुषमाणूस शोधा. बोटीचं बरं होतं. इथे कोणी बोटीपर्यंत नेणाऱ्या पडावात बसवून दिलं की तिथे भाऊ उतरवून घ्यायचा. शेवटची बोट दुसऱ्या दिवशी सकाळी होती. "इंजिन झाला की जा," असं हे म्हणाले होते. माझी ट्रंक भरलेली होती.

सातव्या बेअरिंगची तार दुपारी काढली. मायक्रोमीटर लावला. साडेचार. पुन्हा लावला. साडेचारच.

"किती गो?"

"दोन," मी म्हटलं.

तेव्हा माझ्या अंगाला कापरंबिपरं काही सुटलं नाही. उलट ट्रंकेत खाज्याची पुडी ठेवायची राहिलीय, हे आठवलं. खरं सांगितलं असतं तर हे कदाचित म्हणाले असते, जा, तू आलीस की बघू. पण मी तेवढंही विचारलं नाही.

यांनी टोपी पुन्हा बसवून बेअरिंग दोन्ही हातांनी धरून वरखाली हलवून पाहिलं. "हाताक ढिला लागता. परत बग."

मी बघितल्यासारखं केलं. "दोनच."

 हे आपल्या बोटांकडे बघून हसले. "मगे हातच फसवतत माका," म्हणाले आणि टोपी कायमची आवळली.

मी माहेरी गेले. हापूस खाल्ले, आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपले, आणि एकदाही मला ते इंजिन आठवलं नाही. लिहायला लाज वाटते, पण नाही आठवलं.

पंधरवड्याने भाऊ मला रस्त्याने पोचवायला आला. दारात शिरायच्या आधीच शेजारणीकडून सगळं कळलं. यांनी एका ड्रायव्हरला बसवून गावातली चार वडीलधारी माणसं वालावलला देवळात न्यायला काढली होती. चढावर इंजिन ठोकायला लागलं आणि बंद पडलं. बैल जुंपून मोटार परत आणली. "मोटारीक शिंगा फुटली!" म्हणून बाजार हसला.

हे पडवीत बसले होते. सातव्या बेअरिंगचा पांढरा धातू चुरा होऊन समोर कागदावर पडला होता. त्यात मोजण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"खरा सांग," हे म्हणाले. "त्या दिवशी दोनच मां?"

आवाजात राग नव्हता. साडेचार म्हटलं असतं तर हे ओरडले असते, महिनाभर बोलले नसते, पण यांचे हात यांना परत मिळाले असते. हे मला नंतर कळलं असं नाही. तिथे उभ्या उभ्या कळलं होतं.

"दोनच," मी म्हटलं. आदलं खोटं बोटीसाठी होतं, हे निव्वळ माझी कातडी वाचवायला.

मला रडू फुटलं, तर यांनीच समजूत घातली. "तू कित्याक रडतंस? तुझी काय चूक नाय. हातच गेले माझे."

मोटार भंगारात गेली. हे एका नातेवाइकाच्या दुकानात खोबरं तोलायला लागले.

पुढे साठ सालानंतर मासेमारीच्या होड्यांना यंत्रं बसू लागली. हे मुंबईचे फिटर म्हणून तोंडवलीचा एक होडीवाला आपलं छोटं, खोललेलं इंजिन पोत्यात बांधून आमच्याकडे घेऊन आला. नुसता हात लावून सांगा, म्हणाला. यांनी बेअरिंग धरून हलवलं. बोटं थबकली. बिघाड यांना कळला होता, मला दारातून दिसत होतं. पण यांनी हात काढून घेतला.

"माझ्या हातार जाव नकात," हे म्हणाले. "ते खोटा सांगतत."

"अवो, सांगा तरी काय वाटता ता," मी आतून म्हटलं.

हे त्या माणसाकडे बघून हसले. "हिचो डोळो मात्र खरो हां. ही दोन म्हणाली म्हणजे दोनच."

होडीवाला चहा पिऊन पोतं उचलून गेला. मी तेव्हाही बोलले नाही, नंतरही नाही. हे गेले तेव्हा यांना तेवढंच ठाऊक होतं, की आपले हात खोटे आणि बायको खरी.