मोठीचा बाप

"आबासले इचारी लेस," हे वाक्य मी पहिल्याच दिवशी त्याच्या तोंडून तीनदा ऐकलं. कागदावर सही हवी होती, तर आबांना, म्हणजे वडिलांना, विचारून घेतो. बायकोला रक्त चढवायचं होतं, तर आबांना विचारून घेतो. बाळांना नळीनं दूध द्यायचं म्हटलं, तरी आबांना विचारून घेतो. मग मी चिडून विचारलं, "भाऊ, चहा तरी घेशील, की तोही आबांना विचारून?" त्यानं तोंड उघडलं, नेहमीचं वाक्य ओठांवर आलं आणि तो एकदम लाजून हसला. चोवीस-पंचवीस वर्षांचा, दाराच्या चौकटीला डोकं लागेल असा उंच गडी, पण हसला की शाळेतला वाटायचा.

मी तेव्हा धुळ्यात लहान मुलांच्या एका दवाखान्यात सिस्टर होते. नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. खाली मुलं, वर बाळंतिणी. अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी एक खोली होती आणि तिच्यात दोन काचेच्या पेट्या. त्यातली एक बंद होती. तिचा कुठलासा भाग मुंबईहून यायचा होता, आणि रोज आम्हाला 'उद्या येतो' एवढंच कळायचं.

त्याची बायको शिंदखेड्याकडच्या एका खेड्यातून जीपमध्ये आडवी घालून आणलेली. सातवा महिना सरत आलेला, रक्तदाब वाढून झटके आलेले. तिला जुळ्या मुली झाल्या. धाकटी जेमतेम हजार ग्रॅम, मोठी चौदाशे. चालू पेटी अर्थातच धाकटीला मिळाली.

राहिली मोठी. आमच्या डॉक्टरांनी कुठेतरी वाचलं होतं, की अशा बाळाला माणसाच्या उघड्या छातीवर बांधून ठेवलं तरी पेटीचं काम होतं. मला तेव्हा ते खूळ वाटलं होतं, खरं सांगते. पण डिसेंबर महिना होता, वीज दिवसातून दोन-तीनदा जायची, आणि बाळाची आई वर शुद्धीत यायची आणि पुन्हा ग्लानीत जायची. सासू नव्हती. आईची आई दमेकरी. उरला हा. डॉक्टरांनी त्याला शर्ट काढायला सांगितला, तसा तो माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "हे आबांना विचारायचं नाही. आबांची बस येईपर्यंत पोर गार पडेल."

नाही विचारलं त्यानं. पेट्यांच्या खोलीशेजारच्या लहान खोलीत खुर्चीत बसला, मी मोठीला त्याच्या छातीवर पालथी ठेवली, वरून जुन्या सुती साडीनं गुंडाळली, आणि हा गडी श्वास रोखून बसला. पाच मिनिटांनी मला त्याला सांगावं लागलं, की तूही श्वास घे.

पुढे तो इतका तरबेज झाला, की मीच त्याला बाकीच्या बापांना दाखवायला न्यायची. हात धुवायला सांगितले तर कोपरापर्यंत धुवायचा आणि माझा साबण आठ दिवसांत संपवायचा. वरून बायकोचं दूध वाटीत काढून आणायचा, तेव्हा जिन्याच्या एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरायचा. समोरून कुणी आलं की भिंतीला चिकटून उभा. आणि मोठी छातीवर असली की हळू आवाजात तिला गावाकडच्या खबरी सांगायचा. कुणाची गाय व्याली, कुणाच्या विहिरीला पाणी लागलं, कापूस किती वेचून झाला. मी पूर्व खानदेशातल्या असोद्याची, माझ्या माहेरची बोली वेगळी, पण कान देऊन ऐकायची. आपली पोर सगळं समजून घेते आहे, अशी त्याची खात्री होती. "बठ्ठं ऐकस ती," असं मला सांगायचा.

मोठी खरंच सुधारत होती. पेटीतल्या धाकटीसाठी आम्ही डोळ्यांत तेल घालून असायचो. मोठीची कुणाला फारशी काळजी नव्हती.

फक्त एक अडचण होती. आबा.

खानदेशातल्या जुन्या घरांत तुम्ही वावरला असाल तर तुम्हाला हे ठाऊक असेल. वडीलधाऱ्यांच्या देखत बाप आपल्या मुलाला उचलत नाही. आजोबा खांद्यावर घेऊन गावभर मिरवतील, चुलता मांडीवर घेईल, पण जन्मदात्यानं वडिलांसमोर पोराला हात लावायचा नाही. तो निर्लज्जपणा. असं कुणी शिकवत नाही, पण सगळ्यांना येतं. माझ्या वडिलांनी मला आजोबांसमोर कधी घेतलं नव्हतं. मी पडून गुडघा फोडला तेव्हासुद्धा नाही.

आबा दर दोन-तीन दिवसांनी डबा घेऊन एस.टी.नं यायचे. धोतर, टोपी, आणि फाटकापासूनच ऐकू येणारा खोकला. तो खोकला कानावर पडला, की हा मोठीला सोडवून माझ्या हातात द्यायचा, शर्ट चढवायचा, आणि अनवाणीच बाहेर जाऊन व्हरांड्यात बाकड्यासमोर उभा राहायचा. आबा पंधरा मिनिटं बसायचे, काचेतून दोघींना बघायचे, परतीची बस गाठायचे. मग हा परत येऊन मोठीला घ्यायचा. मी एकदा म्हटलं, अरे, आबांना सांगून टाक ना. त्यानं मान हलवली. "आबासना समोर नही, अक्का."

आता मला जे सांगायचं आहे ते सांगताना अजून लाज वाटते. मी त्याची थट्टा करायची. तो मोठीशी बोलण्यात रंगला असला, की दारातून हळूच म्हणायची, "आबा आले." तो दचकून उठायला बघायचा आणि आम्ही सिस्टर लोक हसायचो. तोही हसायचा. त्या घरच्या रीतीचं पोराच्या जिवाशी काय नातं आहे, हे आमच्या टाळक्यात आलंच नाही. आम्हाला ती गंमत वाटली. मी चार शब्द आबांशी बोलले असते तर काम झालं असतं. पण रोज वाटायचं, त्यांचं त्यांच्यापाशी.

अठराव्या दिवशी दुपारी आबा आले. वीज गेलेली होती, आणि दुसरी सिस्टर धाकटीच्या पेटीत गरम पाण्याच्या पिशव्या ठेवत तिच्यापाशीच होती. मी पलीकडच्या खोलीत नुकत्याच आणलेल्या एका बाळाच्या मागे होते. खोकला ऐकून त्यानं मला शोधलं असणार. मी दिसले नाही, म्हणून त्यानं मोठीला कापसात गुंडाळलं, दुपट्यात घातलं आणि पाळण्यातल्या गादीवर ठेवलं. पंधरा मिनिटांचा तर प्रश्न होता.

त्या दिवशी आबा पंधरा मिनिटांत उठले नाहीत. खुशीत होते. गावात सुतार बसवला होता, शेतातल्या कडुनिंबाचे दोन पाळणे घडवायला घेतले होते. एकसारखे, कारण जुळ्यांत दुजाभाव नको. कुठल्या पाळण्याला कसली नक्षी, कड्या कुठल्या, हे ते लेकाला तपशिलात सांगत राहिले. आणि हा समोर उभा. खाली मान. "आबा, पोर गार पडेल, मला आत जाऊ द्या," एवढं म्हणायला त्याची जीभ उचलली नाही. असं म्हणायचं तर ती रोज कुणाच्या अंगावर असते, तेही सांगावं लागलं असतं.

मी मधे एकदा मोठीच्या खोलीच्या दारावरून गेले. पडदा लावलेला होता आणि दारापाशी त्याच्या चपला होत्या. चपला आहेत म्हणजे तो आत आहे, मोठी त्याच्याजवळ आहे, असं मी धरून चालले. तो घाईत अनवाणी बाहेर जातो हे मला ठाऊक होतं. दर वेळी बघत होते मी ते. तरीही आत डोकावले नाही.

तासाभरानं मी पडदा सारला, तेव्हा मोठी निळी पडलेली होती. आम्ही अर्धा तास खटपट केली. डॉक्टरांनी हात थांबवले तेव्हा तो दारात उभा होता, आणि त्याच्या मागे आबा.

आबांनी व्हरांड्यात मला गाठून विचारलं, "मोठी तं चांगली व्हती ना, बाई? मंग कशी गई?" मला तेव्हा कुणावर तरी राग काढायचा होता. मी त्या म्हाताऱ्यावर काढला. तुमचा मुलगा तिला छातीवर घेऊन बसायचा, तुम्ही आलात म्हणून त्यानं तिला खाली ठेवलं, असं मी तोंडावर सांगितलं. माझी चपलांची चूक मात्र त्या वेळी सांगितली नाही. ती मी डॉक्टरांना संध्याकाळी सांगितली.

आबा बाकड्यावर बसले. मग म्हणाले, "माले काबर नही सांगं? मी बसतू ना तिले छातीशी लीसन."

आपणच तिला छातीशी घेऊन बसलो असतो, हे ते खोटं म्हणत नव्हते. पंधरा दिवसांनी धाकटी पेटीतून बाहेर काढण्याइतकी झाली, तेव्हा आबा गावाकडे परत गेलेच नाहीत. बंडी काढून खुर्चीत बसायचे. पांढऱ्या केसांच्या छातीवर ते एवढंसं पोर. दुपारी आबा, इतर वेळी तिची आई. आई आता उठून बसत होती. आजोबानं नातीला घेण्यात कुठलीच रीत आड येत नव्हती. हा माणूस पहिल्या दिवसापासून मिळण्यासारखा होता.

बाप मात्र धाकटीला शिवत नव्हता. दूध आणायचा, कपडे धुवायचा, औषधाच्या दुकानात जाऊन यायचा. मी धाकटीला त्याच्याकडे द्यायला गेले की दोन्ही हात पाठीमागे घ्यायचा. "मना हातमा नको, अक्का." डॉक्टरांनी समजावलं, मी रागावले, विनवलं. एकदा आबांसमोर मीच सांगितलं, की चूक माझीही होती, मी आत बघितलं नाही. त्यानं ऐकून घेतलं. पण हात पुढे आले नाहीत. बायकोशीही तो दोन शब्दांपलीकडे बोलत नव्हता. तीही काही विचारत नव्हती. मोठीला तिनं धड पाहिलंही नव्हतं. ती शुद्धीवर आली तेव्हा चालण्याइतकी ताकद नव्हती, आणि चालायला लागली तेव्हा मोठी नव्हती.

घरी सोडायचा दिवस आला. धाकटी सतराशे ग्रॅमची झाली होती. कागद तयार झाले, मी व्हरांड्यात औषधं समजावून सांगत होते. आबा बाकड्यावर, तो खांबाशी, ती धाकटीला पदरात घेऊन जमिनीवर बसलेली. सासऱ्यांसमोर म्हणून तिचा पदर कपाळापर्यंत ओढलेला. माझं बोलून झालं तशी ती खाली बघूनच नवऱ्याला म्हणाली, "मोठी कशी व्हती?"

मला वाटलं, आपण काहीतरी सांगावं, वजन, रंग, काहीही. पण मला काय माहीत होतं? ते पोर अठरा दिवस ज्याच्या अंगावर होतं, त्यालाच माहीत. मी गप्प राहिले. माझ्यासारखीला ते सोपं नव्हतं.

त्यानं आबांकडे बघितलं. आणि मग सांगायला लागला. आधी अडखळत, मग नीट. तिच्या कानांवर बारीक लव होती. उचकी लागली की ती रागावल्यासारखं तोंड करायची. दूध पोटात गेलं की एक मूठ उघडायची, दुसरी मिटलेलीच. कापसाचं काही सांगितलं की गप्प पडून राहायची, आणि विहिरीचं सांगितलं की चुळबुळ करायची. त्यानं शर्टावरून डाव्या बरगडीखाली हात ठेवला. "डावा पाय आठे लाईसन निजे ती."

ती उठली. बाळंतपणानं खंगलेली बाई, भिंतीचा आधार घेत उठली, त्याच्याजवळ गेली आणि धाकटीला त्याच्यापुढे धरलं. सासरे समोर बसलेले असताना.

आबा ताबडतोब उभे राहिले आणि त्यांनी आमच्याकडे पाठ केली. फाटकाकडे तोंड करून, हात मागे बांधून उभे राहिले. मोठ्या माणसाला एवढंच करता येतं. बघितलं नाही म्हणजे घडलं नाही, आणि लेकाची अब्रू राहते. जीप येऊन थांबली होती, ड्रायव्हर पिशव्या चढवत होता.

बापानं हात पुढे केले. घेतलं तिला. मी खालून आधार द्यायला पुढे झाले, पण गरज पडली नाही. शर्टाची वरची दोन बटणं त्यानं एका हातानं सोडली, तिला आत घेतलं, आणि मग त्याचा आवाज आला, इतक्या दिवसांत मी कधीही ऐकला नव्हता इतका मोठा.

"आबा, इकडे देखा."

म्हातारा लगेच वळला नाही. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, तरी नाही. हा मात्र वाट बघत उभा राहिला, पोर छातीशी धरून, आणि तिला खाली ठेवायचं त्याच्या मनातही आलं नाही.