न बघता पसंत

माधव खडकीच्या एका कारखान्यात तपासनीस होता. भिंगाखाली धरलेल्या स्क्रूवरची केसाएवढी चीर त्याला दिसे. पण सुटीचा भोंगा झाला की हातांबरोबर डोळ्यांचीही सुटी होई.

१९६६ साली सदाशिव पेठेत त्याचा मुलगी बघण्याचा कार्यक्रम झाला. नाव इतकं स्पष्ट असूनही माधवनं मुलगी तेवढी बघितली नाही. सभ्य मुलानं टक लावून बघू नये, म्हणून तो पूर्ण वेळ पोह्यांच्या बशीकडे बघत राहिला. माधवच्या काकांनी "स्वयंपाक येतो का?" असं विचारल्यावर समोरून उत्तर आलं, "येतो. आपल्याकडे आणखी कोणाला येतो?" काकांना ठसका लागला आणि माधवला मुलगी पसंत पडली.

घरी मथुराआत्यानं विचारलं, "दिसायला कशी आहे रे?"

"पोहे चांगले होते," माधव म्हणाला.

आत्याला वाटलं, पोरगा लाजतोय. होकार कळवला गेला.

मुलीचे, म्हणजे मंदाकिनीचे, वडील सुधारक. त्यांनी निरोप धाडला की येत्या रविवारी संध्याकाळी दोघांनी संभाजी बागेत भेटावं, मोठ्यांशिवाय बोलावं, मगच काय ते ठरवू. माधवला आठवत होती ती फक्त पोह्यांची बशी. जिला पसंत केलं तिलाच ओळखलं नाही, तर ती पुन्हा कशाला तोंड दाखवील? बागेतल्या प्रत्येक मुलीला बोलतं करून आवाज तपासणंही शक्य नव्हतं. घरात विचारावं, तर होकार दिलेल्या मुलीचं वर्णन मागणारा नवरामुलगा पेठेला वर्षभर पुरला असता.

मग त्यानं बघण्याचा सराव सुरू केला. सुरुवात घरापासून. आत्याला नवा चष्मा लागलाय, हे त्यानं पहिल्याच दिवशी शोधून काढलं.

"दिवाळीत लागला," आत्या म्हणाली. "आता होळी आली."

बसमध्ये तो एकेकाचं काहीतरी एकच निरखू लागला. कोणाची चाल, कोणाचे कान. माणसं एकाएकी मजेदार झाली. कंडक्टर मनातल्या मनात गाणं म्हणतो आणि समेवर तिकिटाला पंच मारतो, हे इतकी वर्षं त्याच बसनं जाऊन त्याला आत्ता कळलं. एका बाईंनी "आपली ओळख आहे का?" असं करड्या आवाजात विचारलं. "अजून नाही," असं खरं सांगून तो पुढच्याच थांब्यावर उतरला.

रविवारी बागेच्या फाटकात उभं राहिल्यावर त्याला एक साधी गोष्ट उमगली. आता सगळं दिसत होतं, पण ताडून बघायला मनात काहीच नव्हतं. तरी तो बघत राहिला. एका झाडाखाली निळ्या साडीतली मुलगी एकटीच उभी होती. आत येणाऱ्या प्रत्येक तरुणाचा चेहरा ती आशेनं निरखी, मग ओशाळून दुसरीकडे बघे. माधवलाही तिनं तसंच निरखलं आणि सोडून दिलं. हे असं बघणं त्याच्या चांगल्या परिचयाचं होतं. तो स्वतः आठवडाभर तेच करत आला होता.

तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. "आपण मला ओळखत नाही ना?"

"नाही," ती दचकून म्हणाली.

"मग मंदाकिनी आपणच."

ती आधी लाल झाली, मग मोठ्यानं हसली. मान वर करायची नाही, असं आईनं बजावलं होतं म्हणे. तिनं फक्त त्याचे पायमोजे पाहिले होते, आणि आज तो चपला घालून आला होता.

"मग होकार कशाच्या जोरावर दिलात?" माधवनं विचारलं.

"काकांना ठसका लागला, तेव्हा आपण एकटेच हसलात. ऐकू आलं."

मग दोघं बाकावर बसली आणि रखवालदारानं शिट्टी वाजवेपर्यंत एकमेकांकडे बघत राहिली. बघण्याचा कार्यक्रम असा रीतसर पार पडला.