चालत्या मागाशेजारचे दोन पडदे

वडगावच्या आमच्या घरात पुढच्या खोलीत चार यंत्रमाग आहेत आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहतो. मध्ये एकच भिंत. माग सुरू झाले की जमीन थरथरते, तांब्यातल्या पाण्यावर बारीक वलयं उठतात. आम्हाला ते जाणवत नाही. पाहुणा आला की तो भिंतीला हात लावून बघतो, तेव्हा आठवण होते.

लग्न होऊन आल्यापासून मी कांड्या भरते. आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणाऱ्या मागाच्या धोट्यात घालायची ती धाग्याची कांडी. यंत्रापाशी बसायचं, रिकामी काढायची, भरलेली टोपलीत टाकायची. सून उचगावची, शेतकऱ्याच्या घरातली. तिलाही आल्यावर माझ्या शेजारी बसवलं. पण ती कंप्युटरवर डिझाइन शिकलेली होती. एकदा तिने साडीचा काठ काढला आणि तो व्यापाऱ्याला आवडला. तोवर आमची डिझाइनं बाहेरचा माणूस काढून द्यायचा. आता पदराचं कामही तिने मागितलं.

पदराचं काम काठासारखं सोपं नव्हतं. कंप्युटरवर चौकटींचा कागद दिसतो, एक चौकट म्हणजे एक धागा. चौकटी नीट दिसाव्यात म्हणून चित्र मोठं केलं की पडद्यावर वेलीचं एखादं पानच मावतं. आख्खा पदर बघायला गेलं की धागे दिसेनासे होतात. असं मोठं-लहान करताना एका पोपटाची चोच शेजारच्या वेलीत घुसली, ते साडी विणून झाल्यावर दिसलं. मालकांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, ती चोच बोटाने चाचपली. ती साडी त्यांनी घडी करून कपाटात वर टाकली.

मग सुनेच्या भावाने त्याच्या ऑफिसातून निघालेले दोन मोठे पडदे आणून दिले. बारीकातली बारीक रेघ दाखवणारे. एकावर धागे, दुसऱ्यावर पदर, असा तिचा विचार.

मालक म्हणाले, "एका कंप्युटरला पडदं दोन कशाला गं?"

"डोळं किती हायती मामा तुमचं?" सून म्हणाली. सासऱ्यांना ती मामा म्हणते आणि मला आत्या.

"दोन हायती, पण बघतोय एकाच ठिकाणी."

आमच्या जुन्या कंप्युटरला दोन्ही पडदे पेलवेनात. एक स्वच्छ, दुसरा धुरकट. धुरकट पडदा स्वच्छ केला की त्यावरचा माउसचा बाण अडखळत चालायचा. सुनेने मला सांगितलं की पडद्यावर चित्र पाठवणारा भाग आत असतो, ग्राफिक्स कार्ड म्हणतात त्याला, आणि ते वेगळं आणून बसवावं लागेल.

मालक म्हणाले, "अमावास्येपातुर बघा. न्हाय जमलं तर पदर बाहेरच्याकडंच दिऊया. व्यापारी थांबायचा न्हाय."

त्यात आणखी काय होतं ते मला कळलं. काम बाहेर गेलं की ती परत माझ्या शेजारी कांड्या भरायला बसणार. मला सोबत झाली असती. तरी मला ते नको होतं.

खडेबाजाराजवळच्या एका बोळात जुन्या कंप्युटरचं दुकान आहे. मुलगा आणि सून निघाले. सून म्हणाली, "आत्या, तुम्हीबी चला." मी गेले आणि दाराशीच उभी राहिले. दुकानदाराने दोन कार्डं काढली. एक मोठं, नवं, विटेएवढं जड, त्यावर दोन पंखे. दुसरं पोस्टकार्डाएवढं, बरंच जुनं, एकच बारीक पंखा. सुनेचा हात लहानाकडे गेला होता. पण मुलगा म्हणाला, "घ्यायचंच तर नवं घिऊया." दुकानदार म्हणाला, "चालवून बघा, न्हाय जमलं तर परत आणा."

अमावास्येला आमचे माग बंद असतात. सगळे घरात, सगळं शांत. मुलाने मोठं कार्ड बसवलं. दोन्ही पडदे असे लागले की वेलीची टोकं मोजता यावीत. दिवसभर चाललं. मालकही म्हणाले, "बरं झालं."

दुसऱ्या दिवशी माग सुरू झाले आणि थोड्या वेळात दोन्ही पडदे काळे पडले. बंद करून चालू केलं, पुन्हा काळे. मुलगा म्हणाला, "तुझ्या भावाचं पडदंच खराब हायती." तिने पडद्यांच्या तारा काढून परत लावल्या. मालक दारातून म्हणाले, "बाहेरचा माणूसच बरा." आणि निघून गेले.

दुपारी जेवायला माग थांबले. सून जेवायला आली नाही. तिने हाक मारली, "मामा, जरा या की." पडदे लागलेले होते, स्वच्छ. ती म्हणाली, "आता एकेक माग चालू करा बघू."

ताटावरून उठून मालक गेले. पहिला माग, दुसरा माग. तिसऱ्याला पडदे काळे. ते परत आले आणि मागाच्या अंगावर ठेवतात तसा त्यांनी कंप्युटरच्या डब्यावर तळहात ठेवला.

"हलतंय की गं हे."

तिने माग थांबवायला सांगितले, तार काढली आणि झाकण उघडलं. जड कार्ड स्वतःच्याच वजनाने लोंबलं होतं आणि हादऱ्याने त्याच्या खाचेतून सुटत होतं.

ती तरी उचगावची, तिच्या माहेरी माग नव्हते. आम्ही तिघं मागाच्या आवाजात म्हातारे आणि मोठे झालेलो, आणि वस्तू तपासली ती माग बंद असलेल्या दिवशी.

मालक म्हणाले, "मग तुझं काम असंल तवा माग बंद ठेवू काय?" ते रागाने बोलले नव्हते, विचारत होते. अमावास्या सोडून दिवसाउजेडी माग बंद ठेवण्याची गोष्ट मी त्यांच्या तोंडून त्याआधी ऐकली नव्हती.

"न्हाय मामा. माग चालू असतानाच चाललं पायजे."

आम्ही दोघीच परत दुकानात गेलो. तिने जुनं कार्ड मागितलं.

"हे लई जुनं हाय," दुकानदार म्हणाला. "ऑफिसातल्या कंप्युटरातनं काढलेलं. गेम खेळायला गेलीस तर रडंल."

"खेळायला सवड कुणाला हाय अण्णा? दोन्ही पडद्यांना पुरं बारीक चित्र देतंय न्हवं?"

"व्हय, ते देतंय. पण हातात आलेलं नवं कशाला सोडतीस?"

"हे हलकं हाय."

तो हसला. "कार्ड वजनावर घेणारं गिऱ्हाईक आजच बघितलं. आक्का, तुम्ही तरी सांगा हिला."

मला परक्या माणसाशी बोलता येत नाही. मी पायाकडे बघत म्हणाले, "ती म्हणतीय तेच द्या."

घरी येऊन तिने ते बसवलं, स्क्रू आवळला आणि चारी माग सुरू करायला सांगितले. आम्ही सगळे पडद्यांकडे बघत उभे राहिलो. भिंत थरथरत होती, पडदे लागलेले होते. डावीकडे चौकटी, उजवीकडे आख्खा पदर.

मालक खुर्ची ओढून बसले. "ह्यो मोर जरा काठाकडं सरकव." तिने सरकवला. "लई झालं. जरा अलीकडं." बराच वेळ त्यांचं असं चाललं. मग त्यांनी तिथूनच व्यापाऱ्याला फोन लावला आणि सांगितलं की पदर घरातच होतोय. तो किती दिवस लागतील म्हणत असावा. मालकांनी फोन कानावरून काढून सुनेकडे धरला. "सांग तूच."

संध्याकाळी कांड्या कमी पडल्या. मुलाने पुढून हाक दिली. सून सवयीने उठली.

"तू कुठं उठलीस?" मालक म्हणाले. "मोर अर्धाच हाय तुझा."

ती परत बसली. मी यंत्रापाशी गेले. शेजारची जागा मोकळी होती. पाय पसरून बसले आणि पहिली कांडी लावली.